अलिबाग ते शिरोडा, किनाऱ्याकिनाऱ्याने : बेत तपासून द्याल का?

पौडफाटा | ३ डिसेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. सांभाळून घ्या.

२४ डिसेंबरला सकाळी पुण्यातून निघतोय. मी, बायको, मुलगा (वय ९) आणि आई (वय ७३). गाडी साधी हॅचबॅक, मी आणि बायको आलटूनपालटून चालवणार. आईचं माहेर शिरोडा, म्हणजे माझं आजोळ. मामा गेल्यापासून बावीस वर्षांत ती तिकडे गेलेली नाही. या खेपेला तिला न्यायचंच. पण हायवेने धाडधाड जाऊन यायचं नाही, समुद्र उजव्या हाताला ठेवून सावकाश उतरत जायचं, असं डोक्यात आहे.

२४ : पुणे, अलिबाग, कुलाबा किल्ला, कोर्लई, काशीद, जंजिरा, मुक्काम मुरूड
२५ : दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, वेळास, केळशी, आंजर्ले, मुक्काम हर्णै
२६ : दापोली, दाभोळ, गुहागर, हेदवी, जयगड, गणपतीपुळे, मुक्काम रत्नागिरी
२७ : पावस, कशेळी, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, मालवण, मुक्काम तारकर्ली
२८ : शिरोडा. ३१ पर्यंत पुण्यात परत.

एक्सेलमध्ये सगळं नीट बसतंय. मॅप रोजचे सात-आठ तास दाखवतो. काही राहिलं असेल तर सांगा, घुसवता येईल.

---

चिंगळी | ३ डिसेंबर, रात्री ११:०५

एक्सेलमध्ये बसतंय, गाडीत नाही बसणार :)

घुसवायचं काय विचारताय नाना, उपसायचं काय ते विचारा.

---

बुलेटराव | ३ डिसेंबर, रात्री ११:३०

का नाही बसणार? आम्ही तिघांनी मुंबई ते गोवा याच रस्त्याने चार दिवसांत केलंय. पहाटे पाचला बूड सीटवर, रात्री आठला खाली. धमाल रस्ता आहे. जा बिनधास्त.

---

चिंगळी | ३ डिसेंबर, रात्री ११:३४

बुलेटराव, तुमच्या मागच्या सीटवर त्र्याहत्तर वर्षांच्या काकू होत्या का?

---

खाडीपलीकडे | ४ डिसेंबर, सकाळी ७:१५

मी गुहागर तालुक्यातला. लहानपणापासून या रस्त्यावर आहे, तेव्हा जरा लांबण लावतो.

तुमची चूक ठिकाणं जास्त घेतली ही नाही. तुम्ही किलोमीटर मोजलेत, ही आहे. कोकणात किनाऱ्याने जाताना खाड्या मोजायच्या. रेवदंड्यापासून सुरू करा : कुंडलिका, मग राजपुरी, मग सावित्रीची बाणकोट खाडी, भारजा, आंजर्ल्याची जोग नदी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी, रत्नागिरीला काजळी, पूर्णगडला मुचकुंदी, जैतापूरला अर्जुना, विजयदुर्गला वाघोटण, मग देवगड, आचरा, कर्ली, आणि अगदी शेवटी तेरेखोल. या पंधरा झाल्या. बारक्या तर मी धरल्याच नाहीत.

प्रत्येक खाडीला खेळ तोच. सड्यावरून (म्हणजे वरच्या कातळपठारावरून) घाटी उतरायची, गावात शिरायचं, नारळी-पोफळीतून जेमतेम एक गाडी जाईल अशा बोळातून समुद्रापर्यंत जायचं, मग खाडीवर पूल असेल तर पूल, नसेल तर बोट, आणि पलीकडे पुन्हा घाटी चढून सडा. समोरून एसटी आली की आपण मागे जायचं. एसटी मागे जात नाही, तिचा तो हक्क आहे. ताशी पंचवीस-तीसच्या वर हिशेब धरूच नका.

बोटीचं म्हणाल तर गाड्या नेणाऱ्या चार लागतात : आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. या बोटींमुळेच हा प्रवास शक्य झालाय. बोट नव्हती तेव्हा दाभोळच्या माणसाला समोर दिसणाऱ्या धोपाव्याला गाडी न्यायची तर खेड-चिपळूणवरून वळसा घालून यावं लागायचं. पण नाताळच्या आठवड्यात धक्क्यावर गाड्यांची रांग लागते. एक बोट चुकली की पाऊण-एक तास गेला. तुमच्या २५ आणि २६ तारखेत मिळून या चारही बोटी आहेत.

एका दिवसात एक मोठी खाडी. फार तर दोन. बाकी वेळ बसायला ठेवा.

---

रोठा | ४ डिसेंबर, सकाळी ९:५०

खाडीपलीकडे यांना +१.

मी श्रीवर्धनचा. पुण्याहून येताय तर अलिबागला कशाला वळसा? नाताळात मुंबईची सगळी गर्दी तिथेच असते. सरळ ताम्हिणी घाट उतरा, माणगाव, म्हसळा, दिवेआगर. दुपारच्या जेवणाला पोचता. अलिबाग-मुरूड हा स्वतंत्र दोन दिवसांचा ऐवज आहे, पुढे कधीतरी शनिवार-रविवारी करा.

आणि दिवेआगरहून श्रीवर्धनला येताना मधल्या डोंगरातल्या रस्त्याने येऊ नका. आरावी, शेखाडी, कोंडिवली या गावांचा किनाऱ्याचा रस्ता धरा. अख्ख्या प्रवासात समुद्राला इतका चिकटून जाणारा दुसरा रस्ता विरळाच. काही ठिकाणी रस्ता आणि लाटा यांच्यामध्ये फक्त काळे दगड. संध्याकाळी साडेचारनंतर जा, दुपारी नुसतं डोळ्यावर ऊन येतं. वाटेत टपऱ्या फारशा नाहीत, पाणी सोबत ठेवा.

श्रीवर्धनात आलात तर रोठा सुपारी नक्की घ्या. आमच्याकडची सुपारी म्हणजे ही. पण वाड्या पूर्वीसारख्या गच्च दिसणार नाहीत हे आधीच सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच डोक्यावरून आत गेलं. वडिलांच्या हातची बाग दुपारच्या तीन-चार तासांत आडवी झाली. पोफळ पडते तेव्हा काडी मोडल्यासारखा आवाज येतो. तो आवाज त्या दिवशी थांबतच नव्हता. आता पुन्हा लावल्यात. खालून बघितलं तर मधून आभाळ दिसतं, पूर्वी दिसायचं नाही.

---

पौडफाटा | ४ डिसेंबर, दुपारी १:२०

एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल सगळ्यांना धन्यवाद. ताम्हिणीचं डोक्यातच आलं नव्हतं. पण मग जंजिरा राहतो. चिरंजीवांनी शाळेत जंजिऱ्यावर प्रकल्प केलाय, तो ऐकणार नाही.

---

चिंगळी | ४ डिसेंबर, दुपारी २:००

जंजिऱ्याला शिडाच्या होडीतून जावं लागतं, ते पोरांना आवडतं. पण दरवाज्याशी होडी वरखाली हलत असताना पायरीवर पाय टाकावा लागतो. दोन माणसं हात धरतात, तरी गुडघे धड नसतील तर नको. माझ्या सासूबाई अर्ध्या वाटेवरूनच "मी इथूनच नमस्कार करते" म्हणाल्या, आणि मग दोन तास होडीवाल्याशी गप्पा मारत बसल्या. त्यांचीच सहल जास्त चांगली झाली म्हणायची.

---

रोठा | ४ डिसेंबर, दुपारी २:२५

दिघीहूनही जंजिऱ्याला बोटी सुटतात. दिवेआगरला मुक्काम केलात तर २५ ला सकाळी बापलेक जाऊन या, काकू आणि वहिनी किनाऱ्यावर. पण अगदी सकाळी. दहानंतर सुट्टीत रांगच रांग.

---

आबा_केळशीकर | ४ डिसेंबर, संध्याकाळी ६:१०

सगळं चाललंय ते ठीक. पण तिथी कोणी बघितलीत का?

२४ डिसेंबरला त्रयोदशी आहे, २६ ला दत्तजयंती, म्हणजे पौर्णिमा. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा, हेदवीची बामणघळ (कातळातली कपार, भरतीत तिच्यातून पाणी उसळतं), हर्णैचा मासळीचा लिलाव, या तिन्ही गोष्टी पाण्याच्या मर्जीवर. तुम्ही दुपारी दोनला पोचायचं ठरवलंत आणि पाणी तयार नसेल तर काय बघणार?

आमच्याकडचा जुना हिशेब सांगतो, ॲप लागत नाही. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा : सकाळी सहाला भरती, संध्याकाळीही सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यात सहा-सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. पाव-अर्धा तास इकडेतिकडे धरायचा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून एक मोजायचं. पुनव-अवसेला उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीला भांग, तेव्हा पाणी आळशी.

आता तुमचं गणित. २५ ला चतुर्दशी : भरती साडेदहा, ओहोटी पावणेपाच. हरिहरेश्वरला चारला पोचा, प्रदक्षिणा कोरड्या दगडांवरून होईल. भरतीत तिथे उतरायचं नाही, माणसं गेलेली आहेत, पाटी लावलेली आहे ती वाचा. २६ ला पौर्णिमा, ओहोटी साडेपाच, हर्णैला संध्याकाळचा लिलाव बघायला उत्तम. २८ ला द्वितीया, भरती दीड वाजता. बामणघळीला भरतीच हवी, ओहोटीला तिथे नुसती कपार दिसते. म्हणजे हेदवीला २८ ला दुपारी एक वाजता उभे राहा.

बेत आधी पाण्याला विचारून करायचा, मग हॉटेलला.

---

पौडफाटा | ४ डिसेंबर, रात्री ९:४५

आबा, साष्टांग दंडवत.

आईला वाचून दाखवलं. ती हसली आणि म्हणाली, "तिथीची पाऊणपट मला येते की, तू कधी विचारलंस?" त्र्याहत्तर वर्षं घरात भरतीचं ॲप होतं आणि मी प्ले स्टोअर धुंडाळत होतो.

---

सुरणाचे_काप | ४ डिसेंबर, रात्री १०:३०

हेदवीला जाणार तर दशभुज गणपती आधी करून घ्या, मग बामणघळ. उमामहेश्वराच्या देवळाजवळून कातळावर जायचं. मुलाचा हात धरून, आणि घळीच्या तोंडाशी सेल्फी अजिबात नाही. कातळावर शेवाळ असतं, चप्पल टिकत नाही.

अवांतर : आम्ही शाकाहारी असून दरवर्षी कोकणात जातो. लोक विचारतात खाता काय? डाळिंब्यांची उसळ, केळफुलाची भाजी, सुरणाचे काप, कुळथाचं पिठलं, उकडीचे मोदक. फक्त एक : घरगुती खानावळीत आधी फोन करायचा. आयत्या वेळी चार माणसं दारात उभी राहिली तर त्या ताई नारळ कधी खवणार?

---

मांदेली_फ्राय | ४ डिसेंबर, रात्री १०:५२

मासेवाल्यांनीही फोन करायचा. सुरमई सगळीकडे मिळते, पण त्या दिवशी जे आलंय ते खा. "आज काय आलंय?" एवढंच विचारायचं. मेनूकार्ड मागितलंत की तुम्ही पाहुणे. माझा अनुभव, महाग पापलेटापेक्षा ताजे बोंबील आणि तिसऱ्या (शिंपल्या) केव्हाही वरचढ.

---

आडिवरे | ५ डिसेंबर, सकाळी ८:००

आतापर्यंत गप्प होतो. सगळे रत्नागिरीपर्यंतच बोलताय. पुढे कोकण संपतं की काय?

---

पौडफाटा | ५ डिसेंबर, दुपारी १२:१०

नाही नाही. पण दिवस संपतात. आता असं झालंय : २४ ताम्हिणीमार्गे दिवेआगर. २५ जंजिरा (बापलेक), शेखाडी, हरिहरेश्वर. २६ बागमांडल्याची बोट, बाणकोट, वेळास, केळशी, कड्यावरचा गणपती, हर्णै. २७ दाभोळची बोट, गुहागर. २८ हेदवी, तवसाळची बोट, आरेवारे, रत्नागिरी. २९ ला शिरोड्याला पोचायचंच आहे, आईला तिथे पूर्ण एक दिवस हवा. म्हणून २९ ला रत्नागिरीहून हायवे धरून कुडाळ, वेंगुर्ला, शिरोडा. विजयदुर्ग, देवगड, मालवण पुढच्या वेळी.

---

आडिवरे | ५ डिसेंबर, दुपारी १२:४०

म्हणजे अख्खं राजापूर-देवगड हायवेवरून. हे म्हणजे पंगतीत बसून पोळी-भाजी खायची आणि मोदक आले की उठायचं.

सडे आमच्याकडचे. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती आहे, उभं राहून एका नजरेत मावत नाही इतका मोठा. त्याच्या पोटात आणखी प्राणी कोरलेत. रत्नागिरी-राजापूर भागात अशी कातळशिल्पं जागोजाग सापडलीत, २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत त्यांचं नाव लागलं. आम्ही लहानपणी अशाच चित्रांवरून गुरं हाकायचो, कोणाला पत्ता नव्हता. कशेळीचा कनकादित्य, आडिवऱ्याची महाकाली, नाट्याचा यशवंतगड, आंबोळगडची वाळू. विजयदुर्ग तर सोडाच, त्यावर वेगळा धागा निघेल.

---

खाडीपलीकडे | ५ डिसेंबर, दुपारी १:३०

आडिवरे, रागावू नका. त्यांना विजयदुर्गापर्यंत ओढलंत तर काकू शिरोड्याला रात्री दहाला पोचतील. माहेरी अंधारात पोचायचं नसतं.

मधला मार्ग सुचवतो. रत्नागिरीहून भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळी, आडिवरे. तिथून आत वळून राजापूरला हायवे. सकाळी सातला निघालात तर अकरापर्यंत राजापूर. पुढचा रस्ता वाहता आहे, कणकवली, कुडाळ, वेंगुर्ला. उजेडात शिरोड्याला.

---

आडिवरे | ५ डिसेंबर, दुपारी १:४५

चालेल. पण हत्ती दुरूनच बघायचा, त्यावर चालायचं नाही. आणि गाडी सड्यावर चढवायची नाही.

---

गल्फमधली_गौरी | ५ डिसेंबर, दुपारी ३:००

मस्कतहून वाचतेय. माझं माहेर वेंगुर्ल्याचं. शिरोड्याला गेलात की आरवलीच्या वेतोबाला जालच. तिथे चामड्याच्या चपला बघा, हातभर लांब. देव रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून चपला झिजतात, आणि मग लोक नव्या वाहतात. नवसाला केळ्यांचा घड लागतो.

रेडीचा गणपतीही जवळच. १९७६ मध्ये खाणीत सापडलेली मूर्ती, दोनच हातांची. आणि मुलाला सांगा, १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला होता. दांडी सगळ्यांना माहीत, शिरोडा फारसं कोणी सांगत नाही.

वेळासला कासवं दिसतील का, हा प्रश्न कोणीतरी विचारेलच, म्हणून आधीच उत्तर : डिसेंबरात नाही. पिल्लं समुद्रात जाताना बघायची तर साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिल.

---

बुलेटराव | ५ डिसेंबर, रात्री ११:१५

मान्य. आम्ही चार दिवसांत केलं, पण आता आठवतंय ते फक्त पुढच्या गाडीचं चाक. प्लॅन झकास झालाय. पेट्रोल मोठ्या गावात भरत चला, टाकी अर्ध्यावर आली की भरायची. आणि मॅप आधीच उतरवून घ्या, घाटीत रेंज जाते.

---

पौडफाटा | ३ जानेवारी, रात्री १०:२०

आलो. वृत्तान्त देतो असं म्हणालो नव्हतो, पण न लिहिणं बरं दिसणार नाही.

ताम्हिणी उतरलो तेव्हा धुकं होतं. दिवेआगरला दीडला जेवायला. संध्याकाळी शेखाडीच्या रस्त्यावर गेलो. रोठा, तुम्ही "टपऱ्या फारशा नाहीत" म्हणालात, त्याबद्दल आभार. एका वळणावर गाडी लावून आईसाठी फोल्डिंगची खुर्ची काढली. ती सव्वा तास बसली, एक शब्द बोलली नाही. मुलगा दगडांवरून खेकडे हुसकत होता.

२५ ला सकाळी पावणेआठला दिघीच्या धक्क्यावर. जंजिऱ्यावर प्रकल्पकार साहेबांनी मलाच माहिती दिली आणि एका गाईडची चूक काढली. (चूक बरोबर काढली होती, गाईडनेही मान्य केलं.) चार वाजता हरिहरेश्वर. आबा, पाणी तुमच्या शब्दाबाहेर गेलं नाही. मधमाशांच्या पोळ्यासारखे भोकं पडलेले ते खडक कोरडे ठणठणीत. आईला पायऱ्या उतरणं शक्य नव्हतं, ती काळभैरवाच्या देवळात थांबली.

२६. बागमांडल्याला अर्धा तास रांग. बोटीत मुलाने गाडीतून उतरून सगळा वेळ कठड्याशी काढला. हर्णैला पाचला पोचलो. पाणी लांब गेलेलं, होड्या आत उभ्या, बैलगाड्या पाण्यात चाक बुडेपर्यंत जाऊन टोपल्या भरून आणतायत. लिलावाची भाषा मला एक अक्षर कळली नाही. एक बाई वाळूत मांडलेल्या ढिगाकडे बघायची, मान जराशी हलवायची, आणि सौदा संपायचा. आईने माझ्या कानात भाव सांगितला. तिला कळत होतं.

आता गोंधळ. २७ ला कर्द्याहून दाभोळला निघालो. मॅपने जवळचा रस्ता दाखवला, बारा किलोमीटर वाचत होते. डांबर संपलं, जांभ्याचा रस्ता आला, मग दोन्हीकडे गडगे (दगडी कुंपणं), आणि मग रस्ता खाडीच्या चिखलात उतरला. समोर एक होडी बांधलेली. पलीकडे मॅपची निळी रेघ आरामात पुढे चाललेली. गडग्यावर बसलेले आजोबा म्हणाले, "गाडी नाय जायाची. मानसं जातील." आणि हसले. त्या महिन्यातले आम्ही कितवे, हे त्यांनी सांगितलं नाही. वळायला जागा नव्हती. बायकोने अर्धा किलोमीटर गाडी उलटी काढली, मी मागे चालत हातवारे करत होतो. डावा आरसा गडग्याला घासला. त्याच्यावर जांभ्याची लाल रेघ उमटलीय, ती पुसलेली नाही.

दाभोळला चंडिकेचं देऊळ केलं. कातळातली गुहा, आत समईच्या उजेडात जावं लागतं. धोपाव्याला उतरून गुहागर. व्याडेश्वराजवळ मुक्काम, दुसरं काहीच केलं नाही. खाडीपलीकडे, "बसायला वेळ ठेवा" याचा अर्थ त्या संध्याकाळी कळला.

२८ ला बरोब्बर एकला बामणघळ. पहिली दहा मिनिटं काहीच नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, आबांचं चुकलं." तेवढ्यात आतून तोफेसारखा आवाज आला आणि पाणी आमच्या डोक्यावर वीस फूट. सगळे चिंब. आई लांब कातळावर बसली होती, तीही भिजली. त्यानंतर दर सातव्या-आठव्या लाटेला. तासभर हललो नाही, तवसाळची ठरलेली बोट चुकवली, पुढची मिळाली. आरेवारेला पोचेपर्यंत सूर्य गेलेला, पण आकाश लाल होतं.

२९. हत्ती बघितला, दुरून. आडिवरे, तुमच्या महाकालीच्या देवळात आईने तुमच्या नावाने एक नमस्कार केला, नाव माहीत नाही म्हणून "तो आडिवऱ्याचा" असं म्हणून. साडेपाचला शिरोडा.

घर बंद आहे, चुलत मामांकडे उतरलो. शेजारच्या म्हाताऱ्या आजी काठी टेकत आल्या, आईकडे निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "गो, तू इलंस? माका वाटलां आता काय येवचंस नाय." मग दोघी अंगणात बसल्या. मी आईला मालवणीत बोलताना चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. आवाज वेगळा होता. जरा वरच्या पट्टीतला.

३० ला सकाळी मिठागरं बघून आरवलीला गेलो. वाटेत आईने गाडी थांबवायला लावली आणि केळ्यांचा अख्खा घड घेतला. वेतोबासमोर ठेवला. म्हटलं, हा कसला? म्हणाली, "तुझ्या पहिल्या नोकरीचा नवस बोलले होते. राहून गेला होता."

मी २००२ मध्ये नोकरीला लागलो.

---

चिंगळी | ३ जानेवारी, रात्री १०:५०

देव एवढी वर्षं थांबला, आणि तुम्ही चार दिवसांत पोचायला निघाला होतात.

---

मांदेली_फ्राय | ३ जानेवारी, रात्री ११:०५

व्याज धरून एकच घड?

---

पौडफाटा | ३ जानेवारी, रात्री ११:१०

मीही विचारलं. आई म्हणाली, "पगार वाढला तेव्हा तू मला सांगितलं होतंस का?"

---

आबा_केळशीकर | ४ जानेवारी, सकाळी ६:३०

बामणघळीला पहिली दहा मिनिटं काही झालं नाही, कारण तुम्ही बरोब्बर एकला गेलात. एकला उभे राहा म्हणालो, भरती मात्र दीडला सांगितली होती.

---

आडिवरे | ४ जानेवारी, सकाळी ८:१५

नाव नाही सांगत, पण नमस्कार पोचला. विजयदुर्गाला कधी येताय? मे महिन्यात या, आंबाही असेल. काकूंना आणा.

---

पौडफाटा | ४ जानेवारी, सकाळी ९:००

आई पंचांग घेऊन बसलीय. तिथी कळवतो.